भावोजींचं लढाऊ विमान

कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळाबद्दल कोणी "अगदी खऱ्यासारखं असतं हो" असं म्हणालं, की माझं डोकं सणकतं. समोरचा कोण, वयाने केवढा, कोणाचा पाहुणा, कशाचंही भान राहत नाही. मी एवढंच विचारतो, "तुम्ही खरं उडवलंय का?" नाही म्हणतात. मग कशावरून खऱ्यासारखं? खरं विमान मीही उडवलेलं नाही. उडवणार होतो. ते का राहिलं ते सांगतो, आणि सांगताना कोणाची भीडभाड ठेवणार नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

पालघरच्या पश्चिमेला, समुद्राला लागून आमचं गाव. वडिलांची बोट. मी शाळेत होतो तेव्हापासून बोटीच्या मागच्या टोकाला, सुकाणूवर उभा राहायचो. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असायच्या तेवढेच दिवस सुट्टी. आकाशाचं वेड मला कुठून लागलं ते विचारू नका, घरात कोणालाच कळलं नाही. पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा हवाई दलाच्या लेखी परीक्षेला बसलो आणि पास झालो. दूरच्या शहरात निवड मंडळापुढे हजर राहायचं बोलावणं आलं. ही नव्वदीतली गोष्ट. गावात पेढे वाटायच्या आधी बोंबील वाटले गेले, कारण आईच्या हाताशी तेच होते.

आता यातली मेख ऐका. निवड मंडळापुढे आणखी पुष्कळ काही असतं, गप्पा, मुलाखती, धावपळ. पण त्यात एक चाचणी अशी असते की हा पोरगा विमान चालवायच्या लायकीचा आहे की नाही ते ती ठरवते. आणि ती चाचणी माणसाला जन्मात एकदाच देता येते. नापास झालात, संपलं. वय असो, मार्क असोत, मंत्र्याचा वशिला असो, परत नाही. दहावीला ऑक्टोबर असतो, एक स्थळ मोडलं तर दुसरं स्थळ असतं. इथे काही नाही.

वडिलांना मी हे समजावून सांगितलं. ते जाळं शिवत बसले होते. हातातली सुई थांबवून त्यांनी विचारलं, "येकदाच?"

"एकदाच."

"मंग बोटीचा काम रेहू दे. आमी बघतो. तू तुजा बघ."

माझ्या वडिलांनी जन्मात कोणाला बोटीवरून सूट दिली नव्हती. स्वतःला ताप असताना ते समुद्रात गेले होते. त्या माणसाने मला सूट दिली आणि नारळी पौर्णिमेनंतर माझ्या जागेवर खलाशी ठेवायचं कबूल केलं. म्हणजे पाहा, माझ्या एकट्याचं काही नव्हतं त्यात.

आणि इथे आमचे भावोजी उगवले.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे मासवणकडचे, भातशेतीवाल्या घरातले. डिप्लोमा झालेले. कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते आणि बोईसरला चाळीत दोन खोल्यांत राहायचे. लग्नानंतर एकदा हौसेने आमच्या बोटीत बसले होते. खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत काठावर ओणवे होऊन जे ओकायला लागले, ते परत किनारा दिसेपर्यंत. वडील बिचारे "जावयांना वारा लागला" म्हणत राहिले. पण जमिनीवर पाय टेकले की भावोजींना जगातलं सगळं कळायचं. फ्रिज, राजकारण, मूळव्याध, काहीही विचारा. आणि आमच्याकडे जावई बोलायला लागला की सासुरवाडीने ऐकायचं असतं. वडील त्यांच्यापुढे पाय पसरूनसुद्धा बसायचे नाहीत.

भावोजींनी मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर आणला होता. तेव्हा बोईसरच्या चाळीत कॉम्प्युटर म्हणजे देव्हाऱ्यातला देव. त्याच्यावर कपडा, कपड्यावर प्लास्टिक, आणि ताईने हात लावायचा नाही. त्यावर लढाऊ विमानाचा एक खेळ होता. सोबत विमान वळवायची काठी, म्हणजे जॉयस्टिक, आणि माहितीचं एक जाडजूड पुस्तक, झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलेलं. माझं बोलावणं आल्याचं कळताच भावोजी स्कूटर काढून गावात आले. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "याची तयारी माझ्याकडे. माझ्याकडे विमान आहे."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खूश होतो. वेडाच होतो मी.

त्या पावसाळ्यात मी बोईसरला जाऊन राहिलो. भावोजींची शिफ्ट नसेल ते दिवस आम्ही कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर काढायचो. शेजारच्या खोल्यांतले कामगार दारात उभे राहून बघायचे, "अरे मार, मार, गिरा दे साले को!" करायचे. लाइट गेली की विमान हवेतल्या हवेत नाहीसं व्हायचं. मग भावोजी पुस्तक उघडून शिकवणी चालू ठेवायचे.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही भारावलो होतो. रडारचे किती प्रकार होते त्यात! दूरचं बघायचं, जवळचं बघायचं, एकाच विमानाचा पिच्छा पुरवायचा, प्रत्येकाची कळ वेगळी. कुठलं क्षेपणास्त्र उष्णतेमागे जातं, कुठल्याला तुम्हाला शेवटपर्यंत वाट दाखवत राहावं लागतं. इंजिन कसं चालू होतं, त्याची पानंच्या पानं पुस्तकात होती. आणि खेळात मात्र एक बटण दाबलं की इंजिन सुरू! मी विचारलं, "भावोजी, पुस्तकात एवढं लिहिलंय आणि इथे एकच बटण?"

"ते सोयीसाठी. बाकी सगळं खरं आहे."

हे त्यांचं पालुपद. बाकी सगळं खरं आहे. विमान फार वर ओढलं की वेग मरतो आणि ते पानासारखं खाली येतं, ते होतं त्यात, मान्य. जोरात वळलं की पडदा काळा व्हायचा, म्हणजे पायलटला भोवळ, तेही होतं. पण मी बोटीवरचा पोरगा. मला काही गोष्टी खटकायला लागल्या. मासळीने भरलेली बोट आणि रिकामी बोट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. भरलेली बोट वळायला वेळ घेते, आणि एकदा वळायला लागली की थांबायला त्याहून वेळ घेते. या विमानाच्या पोटात पेट्रोल काठोकाठ असो नाही तर संपत आलेलं असो, पंखांखाली बॉम्ब लटकलेले असोत नाही तर टाकून झालेले, ते वळायचं सारखंच. मी हे बोललो. भावोजींनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "वजनाचा परिणाम होतो असं लिहिलंय. तुला जाणवत नसेल."

मला जाणवत नसेल! ज्याला बोटीत डोळे उघडे ठेवता येत नाहीत तो मला वजन शिकवणार.

वाऱ्याचंही तेच. समुद्रावर बाजूचा वारा सुटला की बोटीचं तोंड एकीकडे आणि बोट जाते दुसरीकडे. पायाखालचं सगळं अंग ते सांगत असतं. इथे वारा नावालाही नव्हता. काठीला स्प्रिंग होती. वेग कमी असो नाही तर आवाजापेक्षा जास्त असो, काठी हाताला लागायची तेवढीच. पण बोलायची सोय नव्हती. बोललं की पुस्तक निघायचं.

आणि गंमत सांगतो. त्या खेळात एक पान होतं, तुम्हाला किती खरं पाहिजे ते निवडायचं. गोळ्या संपाव्यात की नाही, मार लागावा की नाही, उडवणं सोपं की अवघड, प्रत्येकासमोर एक घर, त्यात खूण करायची. खरेपणाचे एवढे गोडवे गाणाऱ्या आमच्या भावोजींनी आपल्यासाठी काय निवडलं असेल? गोळ्या कधी न संपणाऱ्या, विमान कधी न मरणारं. अंगावर चार क्षेपणास्त्रं आदळली तरी हा माणूस शीळ वाजवत उडत असायचा. चुकून समुद्रात पडलाच तर एक बटण, की परत धावपट्टीवर, नवं कोरं विमान घेऊन. आणि वळून मला सांगायचा, "बघ, असंच असतं लढाईत."

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी माफ केलं असतं. पण भावोजींच्या कारखान्यातल्या एका साहेबाचा मुलगा ती चाचणी देऊन आला होता. त्याच्याकडून त्यांना कळलं, की तिथे हाताला काठी असते आणि पायांना पेडल असतात. झालं! भावोजींच्या अंगात आलं. त्यांनी एक फळी आणली, मधोमध खिळ्यावर फिरती केली, कारखान्यातला एक टाकाऊ भाग तिच्या खाली बसवला आणि तारा कॉम्प्युटरला जोडल्या. दोन पाय फळीच्या दोन टोकांवर. काम सुबक केलं होतं, ते नाकारत नाही. हाताला कौशल्य होतं त्यांच्या. डोक्यात नव्हतं.

फळीवर डावा पाय दाबला की विमानाचं नाक डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. पुस्तकात तसंच होतं, आणि पहिल्या दिवशी फळी तशीच जोडलेली होती. हे लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी सगळं बरोबर होतं.

मला ते जमेना. कारण सांगतो. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे रेटला की होडीचं नाक उजवीकडे जातं, आणि उजवीकडे रेटला की डावीकडे. दोन्ही हात जाळ्यात गुंतले की आमच्याकडे दांडा पायाने रेटतात. माझे पाय लहानपणापासून हेच शिकलेले. उजवीकडे जायचं म्हटलं की माझ्या अंगातून आधी डावीकडे जोर यायचा, विचार करायला वेळच नाही. त्यामुळे धावपट्टीवर माझं विमान गवतात जायचं. आठवडाभर ते गवतात गेलं. पण थोडं थोडं सुधारत होतो मी. पाय शिकत होते. आणखी पंधरवडा दिला असता तर शिकलेही असते.

भावोजींना धीर नव्हता. दारात उभे असलेले लोक हसायचे, त्याची त्यांना लाज वाटायची. एका दुपारी ते म्हणाले, "थांब. तुझा त्रास मी एका मिनिटात घालवतो." त्यांनी ते खरेपणाचं पान उघडलं. काठी आणि पेडल यांच्यासाठी तिथे एक जास्तीचं घर होतं. रिव्हर्स. त्यात त्यांनी खूण केली.

मी बसलो आणि विमान धावपट्टीवरून सुतासारखं सरळ गेलं. दारातून टाळ्या पडल्या. डावा पाय दाबला की नाक उजवीकडे, अगदी आमच्या बोटीसारखं. माझ्या अंगावर काटा आला, इतकं ते सोपं झालं.

ताई मोरीजवळ मासे साफ करत होती. तिने तिथूनच विचारलं, "अहो, पण खऱ्या विमानात असा उलटा करता येतो का?"

"येतो म्हणजे? येणारच."

"कोणाला विचारलात?"

"विचारायचं कशाला? हा खेळ खऱ्या विमानाची माहिती घेऊन बनवलाय. खऱ्यात नसतं तर यात कशाला दिलं असतं? प्रत्येक पायलटची सवय वेगळी. विमानात बसला की आपापलं लावून घेतो. तू चहा टाक."

ताईने हातातला मासा खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी विचार रे कोणाला. येकदाच हाय ना?"

"टाक गं चहा," भावोजी म्हणाले.

तिने चहा टाकला. मीही गप्प बसलो, कारण भावोजी डिप्लोमावाले, घरचे जावई, आणि मनोरपासून डहाणूपर्यंत मला असा एकही माणूस ठाऊक नव्हता ज्याने लढाऊ विमान आतून पाहिलं असेल. आमच्यापैकी कोण सांगणार होता? माझ्या वडिलांनी तर विमान पाहिलेलं ते आभाळातच.

तिथून पुढे पावसाळाभर मी उलट्या पेडलवर घोटलं. इतकं, की झोपेत पाय हलायचे. भावोजी सगळ्यांना सांगत सुटले, "आमचा पायलट तयार आहे." चाळीत माझं नाव पायलट पडलं. गावात गेलो तर तिथेही ते माझ्याआधी पोचलेलं. नारळी पौर्णिमा झाली, वडिलांनी ठरल्याप्रमाणे खलाशी घेतला आणि मी गाडीत बसलो.

निवड मंडळाच्या ठिकाणी आम्हाला त्या चाचणीच्या खोलीत नेलं तेव्हा मला वाटलं चुकीच्या खोलीत आलो. खुर्ची, हाताला काठी, डाव्या हाताला एक दांडी, पायांशी पेडल, समोर पडदा. आणि पडद्यावर काय? एक ठिपका. बस. विमान नाही, धावपट्टी नाही, रडार नाही, क्षेपणास्त्र नाही. ठिपका इकडेतिकडे पळणार, तो काठीने आणि पायांनी मधोमध धरून ठेवायचा. काठीने वर-खाली, पायांनी डावीकडे-उजवीकडे. मध्येच बाजूला दिवे लागणार, ते डाव्या हाताने विझवायचे. अख्खा पावसाळा मी रडारचे प्रकार पाठ केले होते. आग लागो त्या रडारला.

आधी सरावाची फेरी होती. ठिपका डावीकडे सरकला. त्याला उजवीकडे आणायला मी डावा पाय दाबला. ठिपका आणखी डावीकडे पळाला, पार पडद्याच्या कडेला. मी आणखी जोर लावला. तो कडेला जाऊन थरथरत राहिला.

पण मी घाबरलो नाही, कारण मला उपाय माहीत होता. मी हात वर केला. गणवेशातले अधिकारी जवळ आले.

"सर, इसमें रिव्हर्स कहाँ है?"

"क्या रिव्हर्स?"

"पेडल का, सर. उल्टा करने का. मुझे रिव्हर्स चाहिए."

शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा फिस्सकन हसला. अधिकारी नाही हसले. चांगला माणूस होता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "बेटा, ये जैसा है वैसा ही है. सबके लिए. हवाई जहाज़ में भी ऐसा ही होता है." आणि पुढे गेले.

मग खरी फेरी सुरू झाली. मी स्वतःला बजावत होतो, उजवीकडे तर उजवा, उजवीकडे तर उजवा. जोवर मनात घोकत होतो तोवर पाय ऐकत होते. तेवढ्यात बाजूचा दिवा लागायचा. त्याला विझवायला लक्ष गेलं, की पाय पुन्हा भावोजींच्या फळीवर. ठिपका सुसाट बाहेर. ओढून आणला की पुन्हा दिवा. घामाने काठी हातातून निसटायला लागली. शेजारचा पोरगा, तोच हसणारा, शांतपणे आपला ठिपका मध्ये धरून बसला होता. त्याने कॉम्प्युटर पाहिलाही नसेल. म्हणूनच बसला असेल.

दुपारी पास झालेल्यांचे नंबर वाचून दाखवले. माझा नव्हता.

परतीच्या प्रवासाचं मला काही आठवत नाही. ताईने बजावलं होतं, काय होईल ते आधी मला येऊन सांग, म्हणून मी बोईसरला उतरलो. ताईने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं. तिने पाण्याचा तांब्या आणून दिला. भावोजी आतून आले. मी पास की नापास, जेवलो की उपाशी, काही नाही. पहिला प्रश्न, "मशीन कसलं होतं? आपल्यासारखंच ना?"

"पेडल उलटे होते," मी म्हणालो. मग माझं मलाच कळलं की मी काय बोललो. "नाही. त्यांचे सरळ होते. आपले उलटे होते."

भावोजी कॉम्प्युटरजवळ गेले आणि पुस्तक काढलं. खरं सांगतो, त्यांनी पुस्तक काढलं! पानं उलटली, बोट ठेवलं, आणि म्हणाले, "हे बघ. इथे दिलंय. रिव्हर्स असणारच. तू विचारायचं होतंस."

"विचारलं."

"कोणाला?"

"तिथल्या साहेबांना. सगळ्यांच्या देखत. पोरं हसली मला."

भावोजींनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, चुकलं रे माझं. मी तेवढ्यासाठी थांबलो होतो. तेवढं म्हणाले असते तरी मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो असतो.

"मग त्यांचं मशीन जुनं असणार," भावोजी म्हणाले.

ताईने माझा रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी चपला घातल्या आणि निघालो.

गावात पोचलो तेव्हा वडील किनाऱ्यावरच होते. त्यांनी विचारलं, "नाय झाला?"

"नाय."

"परत कदी हाय?"

त्यांना मी हजारदा सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं, आणि तरी विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "खलाशाला आजपासून नको म्हणून सांगतो." दुसऱ्या दिवशी मी सुकाणूवर उभा होतो. हात दोरीत होते आणि दांडा पायाला लागला. पाय एकदाही चुकले नाहीत. तेव्हा मला रडू आलं. मागच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही, ते एक बरं असतं.

पायलट हे नाव मात्र राहिलं. गावातली पोरं मुद्दाम म्हणायची नाहीत, सवयीने म्हणायची. "पायलट, बर्फ आला का?" "पायलट, पापलेट काय भाव?" भावोजीही म्हणायचे. त्यांच्या तोंडून ऐकलं की मला त्यांचे दात पाडावेसे वाटायचे.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला मी बोईसरला गेलो. जायचं नव्हतं, पण ताईचं पहिलं बोलावणं मला असतं. तिने ओवाळलं. पाट उचलायच्या आत भावोजी खुर्ची सरकवून तयार.

"नवीन खेळ आणलाय. आता हा मात्र एकशे एक टक्के खरा. पेट्रोलचं वजनसुद्धा धरलंय यात. तू म्हणायचास ना? वाराही आहे. बस, बस."

"राहू दे की त्याला," ताई म्हणाली. "जेवायची वेळ हाय."

"दोन मिनिटं गं. बस रे, पायलट. तुझं सेटिंग लावून ठेवलंय."

मी खाली पाहिलं. फळी तिथेच होती. माझ्यासाठी पुसून ठेवली होती, आणि पडद्यावर त्या घरात माझ्यासाठी खूण केली होती. रिव्हर्स.

मी बसलो. विमान सुरेख उठलं. खरंच, भरल्या पोटाचं विमान आता जड वाटत होतं, वळायला वेळ घेत होतं. वारा होता, नाक एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. भावोजी माझ्या मागे उभे राहून "बघ, बघ" करत होते. खाली समुद्र आला. मी काठी मागे ओढली आणि ओढूनच धरली. नाक वर गेलं, वेग मेला, विमान हललं आणि खाली यायला लागलं. "काठी पुढे कर," भावोजी म्हणाले, "पुढे कर, सावरेल." मी हात काढून घेतले. समुद्र मोठा मोठा होत आला आणि विमान पाण्यात गेलं.

पडद्यावर अक्षरं आली, परत उडायचं असेल तर बटण दाबा. भावोजींचा हात माझ्या खांद्यावरून सवयीने पुढे आला. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही."

"अरे, परत उडव ना. त्यात काय आहे?"

"परत नाही."

ते हसले. हात सोडवायला गेले. माझे हात जाळं ओढणारे आहेत, त्यांना तो सुटला नाही. "सोड रे, काय पोरकटपणा," ते म्हणाले, आणि मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि बोलायचे थांबले. आम्ही तसेच राहिलो, मी बसलेला, ते ओणवे, समोर पाणी आणि ती अक्षरं. मागे कोणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता.

ताई करंज्यांचं ताट घेऊन आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. ताट खाली ठेवलं, वाकली आणि भिंतीतला प्लग उपटला. ज्या वस्तूला तिने हात लावायचा नव्हता तिचा.

"जेवायला बसा," ती म्हणाली.

तेव्हा मी हात सोडला. भावोजींच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. जेवताना त्यांनी तो हात मांडीखाली घेतला आणि पाणीसुद्धा उष्ट्या उजव्या हाताने प्यायले. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.